नऊ वर्षं चालू असलेला टीव्ही गेम

टीव्हीच्या पडद्यावर आडवे पट्टे धावत होते, खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास होता आणि काका एकच वाक्य परत परत म्हणत होते, "काहीबी करा, पण बंद नोका करू."

मी आर्णीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करते. आधी झाडझूड करायला म्हणून लागले होते. माझा हात कापत नाही हे पाहून मालक गजूभाऊंनी मला डाग द्यायला शिकवलं. डाग देणं म्हणजे कथील वितळवून तार चिकटवणं. बोलणं भाऊंचं, हात माझा, असं आमचं दुकान चालतं. मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. घसा बसतो.

हे काका आमचं गिऱ्हाईक, एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले. वस्तू दुकानात आणता येत नाही म्हणून त्यांनी आम्हाला घरी बोलावलं होतं. वस्तू म्हणजे टीव्ही गेम. कॅसेट घालून टीव्हीला जोडायचा, पांढरा-लाल प्लास्टिकचा. तो नऊ वर्षं बंद केलेला नव्हता. टीव्ही बंद असायचा, गेमचा लाल दिवा मात्र चालू. लाइट गेली तर इन्व्हर्टर होता. तो त्यांनी पंख्यासाठी नाही, ह्या गेमसाठी घेतला होता.

"प्रज्ञानं सांगतलं होतं," काका म्हणाले. "तिले यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. रिक्षात बसता बसता म्हणे, बाबा, गेम बंद नोका करजा, माहा पह्यला नंबर जाईन. पोरगी वापस नाही आली."

पट्ट्यांमधून पडद्यावर नंबरांची यादी दिसत होती. विमानाचा गेम होता. पहिल्या ओळीत तीन इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही, आकार लक्षात राहतात. काठीला वर पोट. मग तेच, पण खाली एक तंगडी. मग तंबू. पुढे मोठा आकडा.

भाऊंनी अ‍ॅडॉप्टरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. अ‍ॅडॉप्टर म्हणजे घरातली वीज कमी करून गेमला देणारा ठोकळा. तो बाजूने वितळला होता.

"शोभा, खोल."

चालू गेमचे चार स्क्रू मी काढले. आत हिरवी पाटी आणि पाटीवर एक काळा थेंब. अशा स्वस्त गेममध्ये चिप त्या थेंबाखाली गाडलेली असते. बाकी काही नाही. मी असे बरेच उघडले आहेत. खोक्यावर चौसष्ट बिट लिहिलेलं असतं, आत आठच असतात. बिट म्हणजे चिप एका खेपेला किती ओझं उचलते ते. चित्रं चांगली असतील असं वाटावं म्हणून आकडा मोठा छापायचा. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहायचं आणि आत वीस-पंचवीसच, रंग बदलून परत परत. हे सगळं मला उघडून उघडून कळलं, वाचून नाही.

दुसरी गोष्टही तशीच कळलेली. वीज गेल्यावरही गेमला नंबर लक्षात ठेवायचा असेल, तर आत घड्याळातल्यासारखा गोल सेल लागतो. ह्या पाटीवर सेल नव्हता. सेल बसवायची जागासुद्धा नव्हती.

उपाय होता. एक बॅटरी आधी पाटीवर वीज येते त्या दोन टोकांना चिमट्याने लावायची, मग जुना अ‍ॅडॉप्टर काढायचा. वीज क्षणभरही तुटत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी माझ्या पिशवीत होती. चिमटेही होते. माझा हात पिशवीत गेला.

"काय शोधून राह्यली?" भाऊ म्हणाले. "टाइम नाही. हा पेटला तर काकाचं घर जाईन."

हे त्यांचं खरं होतं. धूर निघायच्या बेतात होता.

काकांनी फळीवरून गेमचा खोका काढला. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. भाऊंनी तो घेतला, उजेडाकडे धरला, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"काका, कायले घाबरता? हे पाहा, इथं छापलं हाय. चौसष्ट बिट, थ्रीडी ग्राफिक्स, मेमरी बॅकअप. म्हणजे बंद केला तरी नंबर जात नाही."

"पण पोरगी म्हणे जाते."

"लेकराले काय समजते? हे कंपनीनं लिहिलं हाय."

काका खोक्याकडे पाहत राहिले. नऊ वर्षं आपण उगाच घाबरलो का, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते माझ्याकडे वळले. "तू काय म्हणते, माय? खोलून तर तू पाह्यलं."

मी मान खाली घातली. भाऊ हसून म्हणाले, "तिले काय विचारता? चौथी शिकली ते. खोक्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही तिले."

ते रागाने नव्हतं. रोजचंच बोलणं. पण मला वाटलं, छापलेलं आहे. भाऊ आयटीआय झालेले आहेत. आपल्याला दिसला नाही म्हणून सेल नसेलच कशावरून? खरं सांगायचं तर असं मला वाटलं नव्हतं. सेल नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. मी फक्त बोलले नाही. बॅटरी पिशवीत माझ्या मुठीत होती.

काका म्हणाले, "मंग करा."

भाऊंनी प्लग ओढला. लाल दिवा गेला. पडदा निळा झाला. नवीन अ‍ॅडॉप्टर लावायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. गेमचं गाणं वाजलं. चित्र स्वच्छ आलं, एक पट्टा नाही. भाऊंनी बटण दाबून यादी काढली.

पहिल्या ओळीत तीन तंबू होते. पुढे गोल शून्यांचा आकडा. खालच्या ओळींतही तेच.

"अजून एकडाव बटन दाबा," काका म्हणाले. भाऊंनी दाबलं. तेच आलं. भाऊंनी खोका उचलून पुन्हा वाचला. "असं कसं? हे तर लिहिलं हाय…" त्यांनी खोका सावकाश खाली ठेवला.

काका रडले नाहीत. मला विचारलं, "तुले मालूम होतं?"

मी म्हणाले, "हो."

त्या घरात मी बोललेला तो एकच शब्द.

"मंग बोलाचं होतं नं, माय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. उठून त्यांनी स्वतःच गेमचं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. मग भिंतीवरच्या इन्व्हर्टरचंही बटण बंद केलं.

दुकानाशी मोटरसायकल लावताना भाऊ म्हणाले, "सांगतलं काहून नाही?" मी म्हणाले, "तुम्ही वाचून राह्यले होते."

काकांच्या घरावरून मी अजून जाते. खिडकी उघडी असते. पूर्वी आत लाल ठिपका दिसायचा.

आता कामाचा माझा नियम ठरला आहे. चालू वस्तू आली की कोणी काही वाचायच्या आधी मी बॅटरी लावते. घसा बसलेला असला तरी ती लावता येते.