टिचकीनं न मिटलेली शिंप

कैरी सोलायला घासून भोक पाडलेली शिंप हातात घेतली की गाळाचा वास येतो, आणि शिवनाथ नदीवरचा तो उन्हाळा आठवतो. बाबांना पोलादाच्या प्लांटातून सुट्टी असली की आम्ही सायकलींवर कालवणासाठी शिंपा वेचायला जायचो. आईचा नियम होता, टिचकी मारल्यावर मिटेल तीच जिवंत. तळहाताहून लहान असेल ती परत पाण्यात. त्या उन्हाळ्यात एके दिवशी गेलो तर पाणी जेमतेम गुडघाभर होतं, आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट. काठावर दोन माणसं नखाएवढ्या शिंपाही फावड्यानं पोत्यांत भरत होती. "छोटे क्यों ले जा रहे?" आईनं विचारलं. "मुर्गीदाने में सब चलता है," एक जण हसला. आईनं गाळात हात घातला. हाताला लागलेली प्रत्येक शिंप उघडीच होती. तिनं टिचकी मारली, वाट पाहिली, पुन्हा मारली. "अजी, एकबी मिटून नाही राहिली." बाबांनी पाण्यात हात बुडवला. "पाणीच तापलं वं. चाल घरी." रिकामी टोपली कॅरिअरवर खडखडत परत आली. त्यानंतर आमच्या घरात नवी शिंप आलीच नाही. ही जुनी अर्धीच आहे, मिटायला तिला दुसरी बाजूही नाही, तरी कैरीला लावण्याआधी माझं बोट तिच्यावर टिचकी मारतं आणि मी वाट पाहते.