खुबूसची पातळ बियर

दुबईतल्या सोनापूरच्या लेबर कॅम्पात आमच्या खोलीच्या खिडकीत खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, वाळत असायचे. मेसमध्ये उरलेले. येणारेजाणारे विचारत, "पापड घातलेत काय?"

पापड नव्हते, ती माझी मोहीम होती.

खालच्या बंकवरचा दादा मालवणकडचा, शटरिंगचा सुतार. हातात कसब होतं, पण सकाळी तेच हात थरथरायचे. कॅम्पामागे वाळूत पुरून ठेवलेल्या बाटल्या विकत मिळत. त्यात काय असे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. फोरमनने सगळ्यांदेखत बजावलं होतं, "अगली बार स्मेल आया तो खलास. व्हिसा कॅन्सल." आणि याच फोरमनच्या घरी व्हिस्की उघड्यावर असायची, कारण दारूचा परवाना पगार बघून मिळायचा. ज्याचा पगार मोठा, त्याची दारू कायदेशीर. मी त्याच कंपनीत टाइमकीपर होतो. हजेरी लावता लावता माझं डोकं फिरायचं.

मी पत्रकांवर वाढलोय. वडील युनियनचे, घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. दारूबंदीच्या एका जुन्या पत्रकात वाचलं होतं की पूर्वी युरोपातले शेतमजूर दिवसभर पावाची, धान्याची पातळ बियर प्यायचे. तहान भागायची, डोकं ताळ्यावर राहायचं. कडक दारू नंतर आली आणि तिने घरं बुडवली. मला वाटलं, दादाला त्याच वाटेने मागे आणता येईल.

वाळलेले खुबूस तव्यावर काळपट भाजायचे, उकळत्या पाण्यात भिजवायचे, गाळायचे. त्यात चार खजूर आणि बेकरीतून आणलेलं चिमूटभर यीस्ट. पाण्याच्या कॅनमध्ये भरून, झाकण सैल ठेवून बंकखाली एक दिवस, की लगेच फ्रिजमध्ये. पकडले गेलो असतो तर दोघेही परतीच्या विमानात बसलो असतो.

पहिला घोट घेऊन दादाने तोंड वाकडं केलं. "झिला, ताकात पाणी घातलंस की पाण्यात ताक?"

"औषध समजून पी."

"औषधाने तरी गुंगी येते रे!"

पण प्यायला. रोज प्यायला. वाळूतल्या बाटल्या हळूहळू सुटल्या. एकदा साइटवर त्याने मला मुद्दाम थांबवून एकेका ठोक्यात खिळे बसवून दाखवले, आणि हात पुढे धरला. हात स्थिर होता. इतकी खात्री मला कुठल्याच पत्रकाने दिली नव्हती.

मग एका शुक्रवारी शारजाहून त्याचा गाववाला भेटायला येणार होता. आठवडाभर आधीपासून दादा बेचैन. मच्छीचा बेत ठरला, पत्ते आले. मला न सांगता त्याने नव्या कॅनमध्ये साखरेची पुडी रिकामी केली, झाकण घट्ट लावलं आणि कॅन बंकखाली मागे सारून ठेवला. पाहुणा जेवायच्या आधीच तो फुटला. आंबूस वास व्हरांड्यापर्यंत गेला. कॅम्पबॉसने फोरमनला बोलावलं.

"कॅन माझाय," मी म्हणालो.

"गप रे!" दादा माझ्यावर ओरडला. "साखर माझी. बंक माझा." आणि फोरमनला म्हणाला, "साब, मेरा है."

फोरमनने माझ्याकडे पाहिलंही नाही. कंपनीला टाइमकीपर हवा होता. सुतार ढिगाने मिळत होते.

तो एअरपोर्टच्या गाडीत बसत असताना मी चिडून विचारलं, "का केलंस असं?"

"तुझी चांगलीच होती रे. पण घरी आलेल्या माणसाला पाणचट कसं द्यायचं?"

सगळा राग फोरमनसाठी, परवान्यासाठी राखून ठेवलेला. या वाक्यावर तो कुठे काढायचा?

काही महिन्यांनी दुबईतल्याच देरा भागातल्या टेलिफोन बूथवरून त्याच्या गावी फोन लावला. वहिनींनी उचलला. दादाला काम नव्हतं, हात पुन्हा थरथरत होते, आणि दारू तिथे नाक्यावरच मिळायची, परवान्याशिवाय. "भावजी, ते रोटीचं पाणी कसं करत होतात, सांगा ना. खुबूस नाही आमच्याकडे. भाकरीचं होईल?"

"होईल," म्हणालो. मी सांगत गेलो, त्या मोठ्याने म्हणत गेल्या. भाजायची, भिजवायची, गाळायची.

मागून दादाचा आवाज आला, जड झालेला. "साखर विचार गो, साखर."

मी साखरेचं नाव घेतलं नाही. पण घर त्याचं होतं, आणि साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो ते त्याला माझ्याकडून कळायची गरज नव्हती.