खुनी जोडपी आणि आईजवळचं जोडपं

आईचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा वर्ध्याच्या डॉक्टरांनी मला एकच आकडा दिला. सहा आठवडे. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत ती वॉकर घेऊन चालायला लागली तर चालेल, नाही तर पलंगच. वय एकोणऐंशी, त्यामुळे यापेक्षा जास्त आशा द्यायला ते तयार नव्हते.

मी पुलगावला राहतो आणि एका जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. कापसाची गाडी आली की वजन करायचं, लिहायचं, सही घ्यायची. अठ्ठावीस वर्षं हेच काम केल्यामुळे घरी आल्यावर मी आईच्या पलंगापासून मागच्या दारापर्यंतचं अंतर तिच्या पावलांच्या हिशेबाने मोजलं. सव्वीस पावलं. दाराबाहेर उन्हात शेजारच्या बाया बसतात आणि आईला तिथपर्यंत जायचं होतं. मी एक वही केली. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला पावलं.

उचल-ठेव करायला आम्हाला आष्टीच्या पलीकडल्या एका गावचं जोडपं मिळालं. तो पस्तिशीचा, ती दोन-तीन वर्षांनी लहान. आधी त्यांनी आर्वीला एका म्हाताऱ्या गुरुजींना शेवटपर्यंत सांभाळलं होतं. ते गोंड होते आणि आपसात गोंडी बोलत. आईला उठवायचं असलं की तो तिच्या काखेखाली हात घालायचा, ती गुडघ्यांखाली, मग तिने एक शब्द म्हटला की दोघं एकदम उचलायची. आई पिसासारखी वर यायची. आमच्या मागच्या खोलीतच ते राहायचे. तिसऱ्या दिवशी आई चार पावलं चालली, नवव्या दिवशी अकरा, सोळाव्या दिवशी एकोणीस.

आता टीव्हीबद्दल. दिवाळीत मुलीने पुण्याहून येऊन आमच्या टीव्हीला एक अ‍ॅप जोडून दिलं, आणि त्यावर माझ्या बायकोला खऱ्या खुनांच्या मालिका सापडल्या. त्यातही तिला एकच प्रकार आवडायचा. नवरा-बायको मिळून खून करतात तो. परदेशातली जोडपी, हिंदीत डब केलेली. आठच्या सुमाराला जेवणं आटोपली की ती सुपारी कातरत समोर बसायची. मी बाजूला. मी बसत नव्हतो असं म्हणणं खोटं होईल. त्या हिवाळ्यात आम्ही अशा बारा मालिका पाहिल्या.

माझी तक्रार पहिल्या आठवड्यापासून होती. चाळीस मिनिटांत सांगून होईल अशी हकिकत चार भागांत ओढतात. एका भागात त्या जोडप्याच्या लग्नाचा एकच फोटो मी एकतीस वेळा मोजला. मग शेजारी येऊन सांगतात, चांगली माणसं होती हो, भेटली की हसायची, एकमेकांना कधी सोडून राहायची नाहीत. मागे भीतीचं संगीत. म्हणजे हसणं आणि जोडीने राहणं हेच पुराव्यात जमा. आमच्या गल्लीत असं मोजलं तर नऊ घरांवर खटले भरावे लागतील. अशी किती जोडपी जन्मभर कोणाला न मारता जगली, हे एकही मालिका सांगत नाही. अंश सांगतात, छेद सांगत नाहीत.

हे मी बायकोला बोलून दाखवलं.

"तुमचं गणित त्या मेलेल्या लोकांले सांगा," ती म्हणाली.

पलीकडच्या खोलीतून आई रोज विचारायची, "काऊन वं, पकडली का नाई त्या बाईले अजून?" तिला वाटायचं, रोज तीच बाई आहे.

मग बायकोच्या लक्षात गोष्टी यायला लागल्या. ते दोघं आईजवळ बसून आपल्या भाषेत बोलतात आणि हसतात. दुपारी आईच्या खोलीचं दार अर्धा तास लावलेलं असतं. दार उघडलं की कापराचा वास येतो. आणि एक दिवस मागच्या खोलीत डाळीच्या पिंपामागे तिला एक बाटली सापडली. चपटी, चिठ्ठी नसलेली, आत पाण्यासारखं काहीतरी आणि तळाशी पांढरे कण.

"अहो, त्या तिसऱ्या मालिकेत नोहोतं का," ती म्हणाली, "दोघं त्या म्हाताऱ्याले थोडं थोडं देत होते?"

मी तिला वेडं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. माझा स्वभाव तसा नाही. पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हा मी माझा गुण समजत होतो. म्हणून ते आईला आंघोळ घालायला नेत तेव्हा मी मुलीची शाळेतली पट्टी घेऊन मागच्या खोलीत जायचो आणि बाटलीतली उंची मोजायचो. पहिल्या दिवशी साडेचौदा सेंटिमीटर. मग तेरा पॉइंट सात, बारा पॉइंट नऊ, बारा पॉइंट एक. रोज बरोबर आठ मिलिमीटर. इतकं सारखं उतरणारं मी काट्यावर काही पाहिलं नव्हतं. सारखं उतरतं म्हणजे कोणीतरी मापाने देतं, असा मी निष्कर्ष काढला. मालिका बायकोने लावली होती, पण हा हिशेब माझा होता, आणि तो नसता तर तिचा संशय आठवडाभरात विरून गेला असता.

त्याच चार दिवसांत वहीत पावलं एकोणीसवरून चोवीसवर गेली होती. हातात दोन्ही आकडे असताना ते मी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. याची चीड मला अजून येते.

पाचव्या दिवशी सकाळी मी बाटली आईच्या पलंगापाशी नेली आणि दोघांना बोलावलं.

"हे काय आहे?"

तो म्हणाला, "औषध हाय, भाऊ. आजीचं."

"कशाचं? कोणी दिलं?"

तो आपल्या बायकोकडे पाहायला लागला. ती आईकडे.

"आई, तुमाले माहीत होतं ह्या बाटलीचं?" बायकोने विचारलं. आईने तोंड भिंतीकडे केलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या मालिकांत एक तज्ज्ञ असतो, तो सांगतो की बळी पडलेली माणसं मारणाऱ्यांचीच बाजू घेतात, घाबरून गप्प राहतात. मलाही नेमका तोच आठवला. बारा मालिकांतून माझ्या डोक्यात उरलं ते एवढंच.

"सामान भरा," मी म्हणालो.

वीस मिनिटांत त्यांनी पिशव्या भरल्या. जाताना तिने वॉकर आईच्या हाताला येईल असा सरकवून ठेवला. अकरा चाळीसच्या एसटीने ते गेले. दुपारी बायकोने तीन घरी फोन केले. पुलगावात माझ्या चुलतबहिणीला, आर्वीला त्या गुरुजींच्या सुनेला आणि आष्टीच्या एका गृहस्थांना, ज्यांचे वडील अंथरुणाला खिळून होते आणि ज्यांना हेच जोडपं पुढे हवं होतं. "सांभाळून राहा," एवढंच ती म्हणाली, पण तिन्ही वेळा बाटली सांगितली.

त्यानंतर आईला आम्ही दोघं उचलायला लागलो. वीस, सोळा, बारा. सहा आठवडे संपले त्या दिवशी वहीत नऊ लिहिलं.

बाटली माझ्या कपाटात होती, पोलिसात द्यायची म्हणून. तिथे जाण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून ती पिशवीत घालून मी स्कूटरवर आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि लगेच परत लावलं.

"भाऊ, हे कोनाची?"

"विष आहे का?"

"मोहाची हाय. कापूर टाकला हाय त्यात. गुडघ्याले, कंबरेले चोळतात म्हातारे लोक." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे घेऊन तुमी पोलिसात चालले होते? अख्खा जिल्हा दारूबंदीचा. पहिले तुमालेच बसवून घेतलं असतं."

"कापरामुळे मला दुसरा वास ओळखता आला नाही."

"जिनिंगमधल्या हमालाले विचारलं असतं त त्यानं फाटकातूनच सांगितलं असतं. तुमी सज्जन मानूस, हेच अवघड हाय."

झाकणभर रोज. म्हणून आठ मिलिमीटर.

ते जोडपं का बोललं नाही, हे मला दुकानातून घरी येईपर्यंत कळलं. आणि आई का बोलली नाही, हेही. आम्ही गावी राहत होतो तेव्हा आई तिथल्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. बायांना घेऊन नाल्याकाठच्या हातभट्ट्या तिने स्वतः फोडल्या आहेत. आसपासच्या सात-आठ गावांत तिला लोक त्यासाठीच ओळखतात. तिच्यासाठी घरात कोणी मोहाची बाटली ठेवतं, हे ती कोणाला सांगणार?

मी तिच्याजवळ बसलो आणि बाटली दाखवली.

"दुखत होतं रे," ती म्हणाली. "तुह्या गोळ्यायनं काही होत नोहोतं. माह्या मायनं मले लहानपनी हेच चोळलं होतं, ते आठवलं. म्याच मागवली. त्यायले शपथ घातली, कोनाले सांगू नका म्हनून."

"मग त्या दिवशी बोलायचं ना."

"कोन्या तोंडानं बोलू?"

मला राग आला. तिचा, बायकोचा, त्या डब केलेल्या तज्ज्ञाचा. कोणावर काढावा कळेना म्हणून रविवारी एसटी धरून मी त्या जोडप्याच्या गावी गेलो.

त्याने चहा दिला. मी जे सांगायला गेलो होतो ते त्याला माझ्याआधीच माहीत होतं, त्यामुळे माझी माफी पाच मिनिटांत संपली.

"आमाले काम भेटून नाई राह्यलं, भाऊ," तो म्हणाला. "आर्वीवाल्या बाईनं नाई म्हटलं. आष्टीवाले फोनच उचलत नाईत. आमी काही म्हटलं असतं त आजीचं नाव गेलं असतं. काहीच नाई म्हटलं, त आमचं गेलं."

त्याची बायको दारात उभी होती. "आजी किती चालते?"

"नऊ."

"चोवीस होती," ती म्हणाली. वही माझ्याकडे होती, आकडा तिच्याकडेही होता.

"चला माझ्यासोबत," मी म्हणालो.

"पहिले ते तीन फोन परत करा," तो म्हणाला. "मंग पाहू."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आणि दोन दिवस आमचं त्याच्यावरून भांडण झालं. ती म्हणे, गैरसमज झाला म्हणून सांगू. मी म्हणे, बाटलीत काय होतं ते तू तिघांना विचार करायला देऊन बसली आहेस, आता ते विचारणारच. औषध म्हटलं तर कोणतं? खरं सांगितलं तर आईचं काय? बायको म्हणाली, मालिकेतसुद्धा सुरुवातीला सगळं साधंच वाटतं. त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. दोन खोल्यांमध्ये अर्ध्या विटेची भिंत आहे, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"फोन लाव," आईने आतून हाक मारली.

"कोणाला?"

"तिघायले."

मी नंबर लावून दिले. चुलतबहिणीला तिने एका वाक्यात सांगितलं. आर्वीच्या सुनेला दोन वाक्यं लागली. आष्टीच्या गृहस्थांचा आवाज मोठा, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"आजी, आमच्या मावशीच्या गावच्या भट्ट्या तुमीच फोडल्या होत्या ना?"

"हो. मीच फोडल्या."

"आन आता मोहाची चोळता?"

"तवा माहे गुडघे चांगले होते," आई म्हणाली. "त्या पोराचा न् त्याच्या बायकोचा काही दोष नाई. म्या मागवली, म्याच लपवाले लावली. हे तुमी चार लोकायले सांगा."

फोन ठेवून ती आडवी झाली. बायकोने चहा आणून दिला, तो तिने घेतला नाही. नंतर थंडच प्यायली.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून मी त्या जोडप्याला फोन केला. पन्नास किलोमीटरवर माझा फोन जायच्या आत आष्टीवाल्यांचा सकाळी साडेसातला गेला होता. सोमवारपासून त्यांच्या वडिलांजवळ. माणूस पूर्ण आडवा, दिवसरात्र दोघंही हवेत.

"शब्द देला, भाऊ," तो म्हणाला. "आता फिरवता येत नाई."

मी म्हणालो, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार. नाव आम्हीच साफ करून दिलं होतं.

मग तिने फोन घेतला. "वहिनीले सांगा, कंबरेतून नाई, गुडघ्यातून वाकजो. आन तुमी मोजत नका बसू. दोघायनं एकाच दमात उचलाचं."

सांगायला सोपं आहे. मी तीनला उचलतो, बायको दोनला. तिची कंबर धरते, माझा हात सुटतो, आई मध्येच लटकते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण एक एकोणपन्नास किलोची बाई आम्हाला जोडीने पलंगावरून उठवता येत नाही. काल तिसऱ्यांदा हिसका बसल्यावर आई म्हणाली, "तुमी दोघं मिळून मले मारता का काय आता?" बायको हसली नाही. तिने पदर खोचला, गुडघ्यातून वाकली आणि मला म्हणाली, "तोंड बंद ठेवा, मी म्हटलं की उचला."

वॉकर धरून आई उभी राहिली. मागच्या दाराच्या वाटेवर माठ आहे, तिथपर्यंत गेली, थांबली, आणखी दोन पावलं टाकली आणि खुर्ची मागितली.