हवालदाराच्या काठ्या

कल्याणात आमच्या परसाला लागूनच पोलिसांची चौकी होती. मी नुकतीच सासरी आले होते. घरात हुकूम चाले तो आत्याबाईंचा, म्हणजे सासऱ्यांच्या विधवा बहिणीचा. मशिदीवरून वाजतगाजत जायचं की नाही, यावरून त्या वर्षी गावात हिंदू-मुसलमानांचं फार बिनसलं होतं.

एके दिवशी हवालदारानं तेल पाजलेल्या काठ्यांचे भारे आमच्या लाकडांच्या पडवीत आणून रचले. "सरकारी सामान आहे. हात लावू नका," असं बजावून गेला.

दुपारी तुळशीपाशी वाती वळताना आत्याबाईंना कुंपणापलीकडून त्याचा आवाज ऐकू आला. आळीतल्या तरण्यांना तो सांगत होता, "उद्या दुपारी आम्ही सगळे बंदरावर गस्तीला जाणार. काठ्या पडवीत आहेत. मणियाराचं दुकान आम्ही परतायच्या आत उरका."

मणियार म्हणजे आम्हां बायकांना बांगड्या भरणारे म्हातारे चाचा. माझा लग्नचुडाही त्यांनीच भरलेला. आत्याबाईंनी त्यांना सावध केलं, तर ते हसले. "हवालदार? त्याच्या घरच्या बांगड्या माझ्याकडूनच जातात!"

मला रडू फुटलं. "रडतेस काय? उद्या पहाटे उठून चुलवण पेटव," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आळीतल्या झाडून सगळ्या बायकांना आमच्याकडे न्हायला बोलावलं. हंड्यांवर हंडे तापले. काठ्या अशा धडधडून पेटल्या की आत्याबाई खूश होऊन म्हणाल्या, "सरकारी तेल हो, वेगळंच!"

दुपारी मंडळी पडवीत शिरली आणि एकमेकांची तोंडं बघत उभी राहिली. निम्मे घरी जेवायला गेले. उरलेल्यांनी मात्र दगड उचलले. दुकानातल्या काचेचा चुरा झाला, चाचांचं कपाळ फुटलं. पोलीस परतले आणि दंगा केला म्हणून चाचांनाच धरून घेऊन गेले.

घराचा उंबरा सहसा न ओलांडणाऱ्या आत्याबाई तडक चौकीवर गेल्या. मागे आम्ही न्हालेल्या बायका, केस अजून ओलेच. भरल्या रस्त्यात त्यांनी आवाज चढवला, "हवालदार, तुमच्या काठ्या मी जाळल्या. ठाण्याच्या साहेबांपुढे कबूल करते. त्या कुणासाठी आणल्या होत्या, ते तुम्ही सांगा!"

हवालदाराचा चेहरा पडला. संध्याकाळच्या आत चाचा सुटले. त्यांची जखम आत्याबाईंनी स्वतः धुतली; शिवाशिवीचं त्या दिवशी कुणी बोललं नाही.

हवालदाराला मात्र पुढे बढती मिळाली. ते कळल्यावर आत्याबाईंनी त्याला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या बऱ्याचशा मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकल्या.