दसऱ्यापासून काळा पडलेला मॉनिटर

ठाण्यात खोपटजवळ, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. कुणाच्या घरी दुरुस्तीला गेले की लोक आधी माझ्या मागे बघायचे, खरा मेकॅनिक जिन्यात राहिलाय की काय म्हणून. डोकं फिरायचं माझं. त्यामुळे खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक मावशी दुकानात आली आणि दोन पुरुषांना ओलांडून थेट मलाच म्हणाली, "चल गो बाय, आमच्या पोराचा कॉम्प्युटर बोलतंय, पन दिसत नाय," तेव्हा मी हातातलं काम टाकून निघाले.

"बोलतंय म्हणजे?" रिक्षात मी विचारलं.

"बोलतंय म्हंजे बोलतंय."

भर दुपार होती. दारात तिचा नवरा जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही. आतल्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर होता. मॉनिटरला झेंडूचा सुकून काळा पडलेला हार, काचेवर कुंकवाचं बोट. दसऱ्याला होडीच्या इंजिनाला, कोयत्याला हार घालतात, तसा यालाही घातला होता.

"ह्यांनी हार घातला नि त्याच दिवशी यो काळा झाला," मावशी म्हणाली. हाराला ती हात लावायला तयार नव्हती. मीच तो काढून बाजूला ठेवला.

बटण दाबलं. डिस्क घरघरली, मॉनिटरचा हिरवा दिवा लागला, काच मात्र मिट्ट काळी. आणि टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून, अगदी कानाशी बोलावं तसा, एका तरुण पोराचा आवाज आला, "आये, जेवलीस काय गो?"

"जेवले रे," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हा मशीन सुरू होताना वाजायला पोरं स्वतःचा आवाज भरून ठेवायची, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या भावानेही तसला चावटपणा केला होता. पण माहीत असून काही उपयोग झाला नाही. मी भ्याले होते, आणि भ्याल्याचा मला रागही आला होता.

नवरा आत येऊन माझ्या बाजूला उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, पोर गेला. होडी भेटली, तो नाय भेटला. ही मानीत नाय. दहावं करून देत नाय, फोटोला हार घालून देत नाय. रोज याच्यासमोर बसायची नि पडद्यावरचा त्याचा फोटो बगायची. तुमी सांगा, ट्यूब गेली. आता यो उगडायचा नाय. तवा तरी मानील."

"बघते आधी," मी तुटकपणे म्हटलं. दुरुस्त होणाऱ्या वस्तूला गेली म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पण त्याला तसं तोंडावर सांगवलंही नाही.

केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. काही नाही. बरोबर आणलेली दुसरी केबल लावली. तरी काही नाही. काचेवर तळहात नेला तर बारीक चरचर झाली, हातावरची लव उभी राहिली. म्हणजे ट्यूब जिवंत होती. चित्र आत आलेलं असावं, फक्त उजेड नसावा त्याला. अशा वेळी खोली अंधारी करून बघायचं, ही आमची साधी रीत.

मावशी चहा घेऊन आली. मी तिला खिडकी लावायला सांगितली आणि दार लोटलं. खोलीत काळोख झाला. आधी काहीच दिसेना. मग काचेच्या खूप आत, गढूळ पाण्याच्या तळाशी काही असावं तसं, राखाडी होत होत एक तोंड दिसायला लागलं. होडीत उभा राहून हसणारा मुलगा. डोळे तेवढे दिसत नव्हते.

"हाय," मावशी पुटपुटली. "हाय गो."

आता कळलं. उजेड कमी-जास्त करायची चकती पार खाली गेली होती. या मॉडेलला ती पुढच्या कडेखाली असते. मी चाचपत हात खाली घातला.

तिथे दुसरा हात होता. थंड, ओलसर, दोरीने सोलवटलेला. अंगठा चकतीवर गच्च रोवलेला. मग कळलं, नवरा माझ्या शेजारीच उभा आहे आणि श्वास रोखून आहे. दसऱ्याला हार घालताना हीच चकती त्याने फिरवली होती. मी त्याचा अंगठा ढकलला. तो हलला नाही. मी जोर लावला असता तर निघाला असता, पण मग ती बाई जन्मभर वाट बघत बसली असती. मी तशीच थांबले.

काळोखात मावशी बोलली. ती आमच्याकडे बघतही नव्हती, काचेकडे बघत होती.

"अवो, हात काडा. तो गेलाय, मना म्हायती हाय. त्याचं तोंड बगायला भेटलं नाय मना. तेवढं तरी बगू द्या."

अंगठा निघाला. चकती मी फिरवली नाही. तिचा हात धरून तिच्याकडून फिरवून घेतली.