ऑक्सिजनची नळी

शिगेकोसानची आणि माझी टेबलं जपानातल्या सेंदाईच्या प्रयोगशाळेत शेजारी होती. डोंगराच्या मातीतल्या एका जंतूपासून आम्ही निळी पूड काढायचो. कर्करोगाच्या गाठी त्या पुडीने विरघळत. तिचा रेणू कसा जोडलेला आहे, हे शोधण्यात शिगेकोसानची उमेदीची वर्षं खर्ची पडली.

त्यांचे यजमान हिसाओसान ट्राम चालवायचे. "आमची बायको जंतूंचं मूत गाळते आणि तिला लोक डॉक्टरीणबाई म्हणतात!" असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

त्यांच्याच मानेत गाठ निघाली. निळं औषध टोचायला लागल्यावर ती लोण्यासारखी वितळली. हिसाओसान येणाऱ्याजाणाऱ्याला मान दाखवत फिरले. मग खोकला लागला. जिना चढवेना.

शिगेकोसानना कारण कळत होतं. त्या रेणूचं एक टोक डीएनएच्या धाग्यांत शिरतं आणि दुसरं टोक लोहाचा अणू धरून बसतं. त्या लोहाला ऑक्सिजन मिळाला की धागे तटातट तुटतात. गाठीतले तुटतात, तसे चांगल्या पेशींतलेही. हे औषध मोडून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, फुप्फुसात फार थोडं असतं, आणि ऑक्सिजन तर तिथे ओतप्रोत.

शिगेकोसान इस्पितळातल्या डॉ. कुरामोचींना म्हणाल्या, "ऑक्सिजन जपून द्या हो. त्यानेच फुप्फुसं करपतील."

"बाई, तुमचं परीक्षानळीतलं ज्ञान मला मान्य आहे. पण त्यांचे ओठ बघा, निळे पडलेत. न देऊन काय करू? तुम्ही पत्नी आहात, तुम्ही नको म्हणा, मी नळी लावत नाही."

हिसाओसान ऐकत होते. "अगं, दे ना ती नळी."

"अहो, तीच तुम्हाला मारेल."

"मग न मारणारी हवा आण कुठून तरी!"

शिगेकोसाननी स्वतःच्या हाताने नळीचा मास्क त्यांच्या तोंडावर बसवला. त्यांना बरं वाटलं. पीच मागितला, अर्धा खाल्ला. आठवडाभरात गेले. शवविच्छेदनात मान अगदी स्वच्छ निघाली. फुप्फुसं मात्र चामड्यासारखी चिवट झाली होती.

पुढच्या वर्षी परिषदेत कुरामोचींनी पडद्यावर ती मान दाखवली. "गाठ पूर्ण विरघळली."

शिगेकोसान उभ्या राहिल्या. "ते वारले."

"हो, आम्हाला फार दुःख आहे. पण गाठीने नाही वारले." सभागृहाने आदराने माना डोलावल्या.

बाहेर आमचे प्राध्यापक ओगाता हळूच म्हणाले, "शिगेकोसान, आज नको होतं. काम तुमचंच आहे ना?"

"माझं आहे म्हणूनच बोलले. परक्याचं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या."

नंतरची सगळी वर्षं शिगेकोसान त्या रेणूचं शेपूट बदलत राहिल्या. फुप्फुसाला सोडणारा रेणू सापडायचा, पण तो गाठीलाही सोडायचा. तशाच निवृत्त झाल्या.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते. एकदा न राहवून म्हणाले, "पण त्या औषधाने किती माणसं जगली, शिगेकोसान!"

त्या मुळा किसत होत्या. किसणं थांबलं नाही. "जगली असतील. त्यांतलं कुणी इथे येत नाही, तेच बरं आहे गं. आलं असतं तर मी विचारलं असतं, तू कसा वाचलास? आणि ते काही चांगल्या मनाने विचारलं नसतं."