आखाडामागून येणारा

अकोटच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडून निवडून भागीरथाची कंबर गेली होती. बावन्नच्या पहिल्या निवडणुकीत यादीत तिचं नावच नव्हतं, नुसतं 'श्रावणची बायको' होतं. स्वतःचं नाव नाही म्हणून तेही पुढं खोडलं गेलं. सत्तावन्न साली नाव आलं. दोन तास रांगेत उभी राहिली, तर कारकून विचारतो, "नवऱ्याचं नाव?"

नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यावं? ती म्हणाली, "आखाडामागून येते, तो महिना."

सारी रांग हसली. भागीरथा भडकली, "मत मी देऊन राहिली का तो?"

कारकुनानं तिच्या बोटाला शाई लावली.

घरी येऊन ती भिंतीला टेकली. श्रावणनं विचारलं, "आपल्या जातीच्यालेच टाकलं ना मत?"

तिनं डोळे मिटले. "त्याचंबी नाव घेत नसतात."